गुरुवारची टाकी : नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या बी फॉर्मचं प्रकरण

चौथ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत छताला ११ स्मोक डिटेक्टर होते आणि त्यातल्या ७ डिटेक्टरवर पिवळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या तशाच होत्या. रंगकाम चालू असताना धूळ आणि शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून या टोप्या घालतात, काम संपलं की काढतात. टोपी आहे तोवर धूर आत शिरत नाही, म्हणजे डिटेक्टर असून नसल्यासारखा. मी वॉचमन मामांना विचारलं, रंगकाम कधी झालं होतं?

"पावणेदोन वर्षं झाली असतील मॅडम. दिवाळीच्या तोंडावर."

त्या दिवाळीनंतर या इमारतीला तीन बी फॉर्म मिळाले होते. जानेवारीचा, जुलैचा, पुन्हा जानेवारीचा. तिन्ही माझ्या हातातल्या फाइलीत होते. तिन्हींसोबतच्या तक्त्यात डिटेक्टरच्या ओळीपुढे "कार्यरत" लिहिलेलं होतं.

ज्यांचा या कागदांशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा, त्याचे नियम २००९ चे. आगीपासून बचावाची यंत्रणा बसवणं आणि ती चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सी फॉर्म ए देते. पुढे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ती यंत्रणा सुस्थितीत आणि कार्यक्षम असल्याचा फॉर्म बी द्यायचा. पुष्कळांना वाटतं हा कागद अग्निशमन दल देतं. तसं नाही. तो आमच्यासारख्या खासगी एजन्सी देतात, ज्यांना राज्याच्या अग्निशमन सेवेच्या संचालकांकडून परवाना मिळालेला असतो. दलाला तो कागद सादर होतो. म्हणजे रोज शेकडो माणसं ज्या इमारतीत ये-जा करतात, तिथला पंप चालतो की नाही याची साक्ष द्यायची ती आम्ही. त्या साक्षीचे पैसे आम्हाला देतो तो इमारतीचा मालकच. या रचनेतला धोका मला रोज दिसतो आणि या प्रकरणात तो फार जवळून दिसला.

आमची एजन्सी लहान आहे. दोघं भागीदार आणि तीन तंत्रज्ञ. फॉर्मवर सही माझी असते.

इमारत

पुण्यात नवी पेठेत, शास्त्री रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. एका जुन्या ट्रस्टची, तळमजला अधिक ५ मजले. खाली ऑफिस आणि चहा-नाष्ट्याचं कँटीन. पहिल्या मजल्यावर २०० खुर्च्यांचा हॉल. व्याख्यानं, बक्षीस समारंभ, कधी साखरपुडे. दुसऱ्यावर वाचनालय. तिसऱ्या आणि चौथ्यावर अभ्यासिका, पाचव्यावर पुस्तकांचं गोदाम आणि ट्रस्टची अनेक वर्षांची दप्तरं. गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या, मधून एक रिक्षा कशीबशी जाते.

पुण्याबाहेरच्या वाचकाला अभ्यासिका म्हणजे काय ते कदाचित समजणार नाही. बीड, लातूर, नांदेड, यवतमाळकडून मुलंमुली स्पर्धा परीक्षांसाठी इथे येतात. राहायला कॉट बेसिसवर खोली, जेवायला मेस आणि बसायला अभ्यासिका. नंबर टाकलेलं टेबल, समोर अर्धी पार्टिशनची फळी, एक दिवा, एक प्लगपॉइंट. २४ तास उघडी. या इमारतीत दोन मजल्यांवर मिळून १८० टेबलं होती आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे रात्री २ वाजताही ७०-८० मुलं बसलेली असतात. फळ्या प्लायवूडच्या, त्यांवर चिकटवलेली वेळापत्रकं आणि नकाशे, टेबलाखाली पुस्तकांचे गठ्ठे, प्रत्येक प्लगला चार्जर. आग लागायला आणि पसरायला जे लागतं ते सगळं तिथे हाताच्या अंतरावर होतं.

जुन्या एजन्सीचा फोन लागेना म्हणून ट्रस्टने आम्हाला बोलावलं होतं. जुलै अर्धा उलटून गेला होता. सचिवांनी फोनवरच सांगितलं, "तपासणी नेहमीचीच आहे. फॉर्म महिनाअखेर मिळाला म्हणजे झालं."

सिलिंडर

इमारतीत आग विझवायचे २४ सिलिंडर होते. ज्यांना आतला दाब दाखवणारा काटा असतो त्या सगळ्यांचे काटे हिरव्या पट्ट्यात, म्हणजे दाब ठीक. सगळ्यांना तपासणीचे नवेकोरे टॅग, टॅगवर एकाच हाताचं अक्षर आणि एकाच पेनाची शाई. नुसतं पाहून कुणालाही वाटावं की इथे व्यवस्थित काम झालंय. म्हणूनच आम्ही तपासणीला वजनकाटा सोबत नेतो.

चौथ्या मजल्यावरचा ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर मी खाली काढला. या पावडरीत मुख्यतः मोनो-अमोनियम फॉस्फेट असतं आणि ती मैद्यासारखी मोकळी असेल तरच कामाची. सिलिंडर उलटा केला की पावडर खाली घसरताना हाताला कळते, तांदळाचा डबा उलटा करताना कळतं तशी. इथे काहीच हललं नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी टांगून तळाशी तिचा गठ्ठा झाला होता. आम्ही तो गच्चीवर नेला, पिन ओढली, दाबला. फुस्स झालं, नोझलमधून मूठभर पावडर पायाशी पडली आणि पुढे काही आलं नाही. चांगला सिलिंडर दहा-बारा सेकंद तरी जोरात चालतो. मी मूठ दाबूनच ठेवली होती आणि काट्याकडे पाहत होते. काटा हिरव्यातच होता. तो तिथे अडकून बसला होता, किती दिवस ते कोण सांगणार.

मीटर रूमबाहेर सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा, सिलिंडर होता. त्याला काटा नसतोच, वजनावरून ओळखायचं. खांद्यावर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं, ते वजा केलं की आतला गॅस कळतो. हवा होता ४.५ किलो, निघाला १.४ किलो. १० टक्क्यांहून जास्त घट दिसली की सिलिंडर भरायला काढायचा असतो. इथे दोन तृतीयांशहून जास्त गॅस गेलेला होता. दाबचाचणीची ५ वर्षांची मुदतही उलटलेली, तारीख तिथेच खांद्यावर ठोकलेली. वाचायला फक्त वाकायचं होतं.

मग टॅग कुणी बांधले? हे मामांनी स्वतःहून सांगितलं, त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. "ते साहेब गाडीवर यायचे ना, टॅगचा गठ्ठा माझ्याकडे द्यायचे. जुने काढून नवे मीच बांधायचो. त्यांना लई इमारती असायच्या." मामांचं वय साठीच्या पुढचं, गुडघे दुखतात. तरी पाचव्या मजल्यापर्यंत जाऊन त्यांनी प्रत्येक टॅग नीट गाठ मारून बांधला होता. त्या इमारतीत सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक सिलिंडरपर्यंत पोचणारा माणूस तेवढा एकच होता.

होज बॉक्सची, म्हणजे आगीवर पाणी मारायच्या नळीच्या पेट्यांची, गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती पुण्यात जवळपास सगळीकडे तीच आहे. ६ बॉक्सपैकी ३ मध्ये ब्रँच पाइप, म्हणजे नळीच्या टोकाला लावायची धातूची तोंडं, नव्हते. ते गनमेटलचे किंवा पितळेचे असतात, भंगारात भाव मिळतो. काच शाबूत, कुलूप शाबूत, आतून पाइप गायब. होज होते, पण घडी कधीच न बदलल्यामुळे घडीच्या रेषेवर आतलं रबर तडकलेलं.

दुसऱ्या जिन्याचं दार

चौथ्या मजल्यावर मागच्या बाजूला दुसरा जिना आहे. त्याच्या दाराला कुलूप होतं. मधे दोन लॅपटॉप चोरीला गेले, तेव्हापासून ते रात्री ९ ला लागतं आणि सकाळी ७ ला निघतं. त्या दिवशी मात्र दुपारीही लागलेलंच होतं. किल्ली शिपायाकडे. शिपाई राहतो लांब, धायरीला.

इथे आमच्या कामातली एक फट आहे आणि ती मी लपवणार नाही. ट्रस्टशी आमचा करार होतो त्याच्या यादीत उपकरणं असतात: इतके सिलिंडर, इतके वाल्व, एक पंप, एक पॅनेल. दार त्या यादीत नसतं. त्यामुळे कितीतरी तपासनीस कुलपाच्या समोर उभं राहून शेजारच्या सिलिंडरचा काटा बघतात आणि पुढे जातात. मी स्वतः पहिली दोन-तीन वर्षं असंच केलेलं आहे. आता मी यादीत नसलेलं दारही लिहिते. दार बंद असताना बाकीची यंत्रणा चालू असण्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही.

गच्ची

या इमारतीत डाऊनकमरची रचना आहे. गच्चीवर १० हजार लिटरची आगीसाठीची राखीव टाकी, तिच्याजवळ पंप, तिथून एक उभा पाइप खालपर्यंत, आणि प्रत्येक मजल्यावर लँडिंग वाल्व, म्हणजे होज जोडायचा मोठा नळ. पाणी वरून खाली येतं म्हणून लोकांना वाटतं पंप नसला तरी भागेल. हिशेब साधा आहे. पाण्याचा स्तंभ १० मीटर उंच असेल तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोचा दाब मिळतो. तळमजल्यावर त्यातून काहीतरी हाती लागतं. पण टाकीच्या लगेच खाली, चौथ्या-पाचव्या मजल्यावर, निव्वळ उतारावर येणारी धार बागेला पाणी घालण्याइतकीच असते. आणि इथे तर मुलं चौथ्यावर बसत होती, कागद पाचव्यावर रचलेला होता. या इमारतीच्या मंजुरीच्या अटींत सर्वांत वरच्या वाल्ववर ३.५ किलो दाब हवा असं लिहिलेलं होतं. मागच्या तिन्ही बी फॉर्मसोबतच्या तक्त्यात दाब ३.५ होता. दर वेळी बरोबर ३.५, ना ३.४ ना ३.७. खऱ्या पंपाचे आकडे इतके एकसारखे कधी येत नाहीत.

तो दिवस गुरुवारचा होता. जलकेंद्रांची, जलवाहिन्यांची दुरुस्ती करायची तर पुण्यात पाणी बंद ठेवतात ते बहुधा गुरुवारीच, हे पेठेतल्या प्रत्येक घराला पाठ आहे. दुपारचे ३ वाजले होते. आमचा तंत्रज्ञ शिडीवर चढला, झाकण बाजूला केलं, टॉर्च मारला आणि वरूनच म्हणाला, "मॅडम, तुम्ही या वर."

टाकीत घोट्याएवढं पाणी होतं.

नियमाने पाणी आधी आगीच्या टाकीत पडायला हवं आणि ती भरून वाहिली की तिथून वापराच्या टाकीत जायला हवं. त्यामुळे राखीव साठा कायम भरलेला राहतो आणि पाणी शिळंही होत नाही. इथे दोन्ही टाक्या तळाशी दीड इंची पाइपने जोडलेल्या होत्या. मुलं वाढली, स्वच्छतागृहांना पाणी पुरेना, कुणा प्लंबरने सोय करून दिली. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ही दुसरी टाकी कशासाठी आहे. टाकीवर काही लिहिलेलंही नव्हतं. आठवड्यातले इतर दिवस ती काठोकाठ दिसते. आम्ही सोमवारी गेलो असतो तर झाकण उघडून मीही "साठा पूर्ण" असं लिहिलं असतं, याची मला खात्री आहे. ती जोडणी दोन टाक्यांच्या मधल्या अंधाऱ्या फटीत होती. रिकामी टाकी पाहिल्यावर आम्ही ती शोधायला गेलो.

पंपाच्या पॅनेलचा स्विच ऑफवर होता. कोरडा पंप चालवून तो जाळायचा नव्हता, म्हणून चाचणी तिथेच थांबवली.

सचिव

सचिव ५ वाजता आले. सत्तरीतले गृहस्थ, एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, ट्रस्टचं काम एक पैसा न घेता करतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता. मी सांगितलं, या स्थितीत मला सही करता येणार नाही.

"अहो मॅडम, आजवर दर वेळी मिळालंय की. एकदम असं काय झालं? हॉलचं बुकिंग आहे शनिवारी. तुम्ही फॉर्म द्या, कामं आम्ही करून घेतो. शब्द आहे माझा."

"काका, फॉर्मवर मी लिहिते की यंत्रणा आज चालू आहे. करून घेणार आहोत असं लिहायला त्यात जागा नाही."

"मग आधीच्यांनी कसं लिहिलं?"

मी म्हटलं, वर चला. लिफ्टने पाचव्यापर्यंत आणि पुढे एक जिना. ते कठड्याला धरून, मधे एकदा थांबून आले. शिडी चढणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून तंत्रज्ञाने मोबाइल आत धरून व्हिडिओ काढला आणि तो त्यांना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. मग जुन्या फॉर्मची फाइल मागितली, चष्मा लावला आणि तिथेच पाण्याच्या पाइपावर बसून दाबाचा रकाना तिन्ही तक्त्यांत बोट ठेवून वाचला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

नंतर म्हणाले, "आमच्याकडे कॅश न मोजता क्लोजिंगवर सही केली असती तर घरी पाठवलं असतं. आणि हा कागद मी तीन वेळा फाइलला लावला. एकदाही वर आलो नाही."

यावर मी काय बोलणार? त्यांचं काम वर येण्याचं नव्हतंच. ज्याचं होतं तो आला नव्हता.

बंद करायचं की नाही

त्या संध्याकाळी सगळ्यात अवघड निर्णय होता अभ्यासिकेचा. इमारत बंद करण्याचा अधिकार मला नाही, पण माझं लेखी मत मागितलं गेलं होतं आणि मी "बंद करा" लिहिलं असतं तर सचिवांनी बंद केली असती. पूर्व परीक्षा जवळ आली होती. १८० मुलं दुसरीकडे गेली असती, आणि जिथे गेली असती तिथली टाकी मी पाहिलेली नव्हती.

आम्ही जे केलं ते असं. हॉलची बुकिंगं कामं संपेपर्यंत थांबवली. पाचव्या मजल्यावरच्या गोदामाची वीज मुख्य स्विचवरून तोडली. दुसऱ्या जिन्याचं कुलूप त्याच संध्याकाळी काढलं आणि त्या जागी आतून दांडा दाबला की उघडणारी कडी बसवायला दिली. ती बसेपर्यंत रात्री तिथे एक माणूस बसवला. आमच्या दुकानातले १२ भरलेले सिलिंडर रात्री ८ च्या आत चौथ्या आणि तिसऱ्या मजल्यावर लावले. डिटेक्टरच्या टोप्या काढायला दहा मिनिटं लागली. धुराचा स्प्रे मारून एकेक तपासला तेव्हा ११ पैकी ८ वाजले, उरलेले ३ बदलायला काढले. रात्रीची संख्या ४० वर आणली. टाक्यांमधली जोडणी दुसऱ्या दिवशी सकाळी कापली आणि आगीच्या टाकीत टँकरने पाणी घेतलं. ट्रस्टने अग्निशमन दलाला स्वतःहून पत्र देऊन दुरुस्ती चालू असल्याचं कळवलं.

म्हणजे एक रात्र अशी गेली की वर ४० मुलं होती आणि टाकीत पाणी नव्हतं. मी त्या रात्री ११ वाजता आणि पुन्हा पहाटे तिथे जाऊन आले. बंदच करायला हवी होती का, यावर माझ्या भागीदाराचं आणि माझं अजून एकमत नाही. तो म्हणतो एका रात्रीचा प्रश्न होता, मुलं झोपायला गेली असती. आज मला वाटतं त्याचं बरोबर होतं.

रात्री ११ ला गेले तेव्हा एका मुलीला मी दुसरा जिना दाखवला. दीड वर्षं ती त्या मजल्यावर बसत होती. ती म्हणाली, "ताई, मला वाटायचं ते स्टोअररूमचं दार आहे."

गाडीवर येणारा मुलगा

जुन्या एजन्सीच्या मालकाला मी ओळखते. फोन लागला दोन दिवसांनी. मी भांडायला फोन केला नव्हता, विचारायला केला होता. तो म्हणाला, "पोरगा जाऊन आला, सगळं ओके म्हणाला, मी सही केली." पोरगा म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, आधी सिलिंडर भरण्याच्या दुकानात हमाली करत होता. एका दिवसात आठ इमारती. इमारतीमागे पैसे. पंप कसा चालवतात, वाहत्या पाण्यात दाब कसा मोजतात, हे त्याला कुणी दाखवलेलं नव्हतं.

या प्रकरणात मला ज्याचा सर्वांत जास्त त्रास झाला ती गोष्ट ही. परवाना एजन्सीला आहे. अर्ज करताना पात्रता, अनुभव, साधनं दाखवावी लागतात, ते योग्यच आहे. पण जिने चढून जो प्रत्यक्ष सिलिंडरपुढे उभा राहतो, त्याची परीक्षा कुणी घेत नाही. मी ज्या पाच-सहा एजन्सी जवळून पाहिल्या त्या सगळ्यांत हेच आहे. अमेरिकेत सिलिंडरसाठी एनएफपीए १० हे मानक वापरतात, त्यात देखभाल करणारी आणि सिलिंडर भरणारी व्यक्ती स्वतः प्रमाणित असावी अशी अट आहे. आपल्याकडे सिलिंडरच्या देखभालीसाठी आयएस २१९० हे भारतीय मानक आहे. काय तपासायचं, किती महिन्यांनी तपासायचं, कधी काढून टाकायचं, सगळं त्यात सविस्तर आहे. मोटार चालवायला आपण माणसाची चाचणी घेतो, नुसत्या ट्रॅव्हल कंपनीची नाही. शाळेच्या, दवाखान्याच्या, अभ्यासिकेच्या इमारतीत "चालू आहे" म्हणणाऱ्या माणसाचीही तशी चाचणी हवी. तिचं कार्ड त्याच्या गळ्यात हवं आणि फॉर्मवर सही करणाऱ्यासोबत पाहणी करणाऱ्याचंही नाव हवं.

८-९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण दगावले. भंडाऱ्यानंतर आम्हाला एकदम पुष्कळ कामं आली होती. प्रत्येकाला आठवड्यात कागद हवा होता. तपासणीचं काम एका रात्रीत चौपट झालं, तपासणी करता येणारी माणसं तेवढीच राहिली. मग मिळेल त्या मुलाला गाडी देऊन पाठवलं गेलं. त्यात आमचीही एजन्सी होती. तेव्हा पाठवलेल्या दोन मुलांच्या सगळ्या इमारती मी नंतर स्वतः फिरून परत पाहिल्या, त्याला सात महिने लागले.

आता आमच्याकडचा नवा मुलगा पहिल्या २० इमारती माझ्यासोबत करतो. त्यानंतर एका ओळखीच्या सोसायटीत आम्ही आदल्या दिवशी मुद्दाम पाच-सहा दोष करून ठेवतो. एक वाल्व अर्धा बंद, एका होजमधलं वॉशर काढलेलं, एक सिलिंडर हलका, पॅनेलचा हूटर म्यूटवर. त्याने सगळे शोधले तर तो एकटा जातो. एक राहिला तरी पुन्हा दहा इमारती सोबत. वॉशर बहुतेकांचं राहतं.

सही

कामाला २६ दिवस लागले. पाणी भरल्यावर पंप चालवला आणि पाचव्या मजल्यावर होज लावून, ब्रँच पाइपमधून पाणी सोडून दाब घेतला. वाल्व बंद ठेवून गेज पाहिला तर तो छान उभा राहतो. पाणी वाहायला लागलं की खरा आकडा कळतो. पहिला आकडा आला २.१. पंपाच्या तोंडाची जाळी काढली तर शेवाळ आणि पत्र्याच्या गंजाचे पापुद्रे. साफ केल्यावर ३.१. सचिव म्हणाले, "जवळ आलंय की." जवळ आलं होतं, पण ३.५ नव्हतं. पंप उघडला, इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक, झिजलेला निघाला. नवीन यायला नऊ दिवस गेले. त्यानंतर ३.७ मिळाला.

सचिवांनी फॉर्म हातात घेतला आणि तारीख बघून विचारलं, "जुलैची नाही टाकता येणार?" त्यात काही लबाडी नव्हती, फाइल एका ओळीत दिसावी एवढंच त्यांना वाटत होतं. मी ऑगस्टचीच तारीख ठेवली आणि सोबत सहा पानांचा तक्ता लावला. प्रत्येक सिलिंडरचं वजन, प्रत्येक वाल्ववरचा दाब, कुणी मोजला त्याचं नाव. टाकीवर लाल रंगात "आगीसाठी राखीव, जोडणी करू नये" असं लिहून घेतलं.

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो, गुरुवारी. टाकी खुणेपर्यंत भरलेली. मागच्या जिन्याची कडी एका दाबात उघडली. चौथ्या मजल्यावरच्या होज बॉक्समध्ये ब्रँच पाइप नव्हता. मामांना विचारलं तर ते लगबगीने आपल्या खोलीत गेले आणि कॉटखालच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेला पाइप काढून आणला. "नवा कोरा होता मॅडम, चोरतील म्हणून जपून ठेवला."

मी तो घेऊन त्यांच्याबरोबर वर गेले. बॉक्समध्ये एक बारीक साखळी लावून पाइप अडकवला. ओढून पाहिला, पटकन सुटतो का ते मामांकडून तीनदा करून घेतलं. तक्त्यात लिहिलं: चौथा मजला, ब्रँच पाइप जागेवर नव्हता, तपासणीच्या वेळी बसवला. मग खाली येऊन सही केली.